कोकिळाच्या जागी

कोकिळा गेल्याचं रूपराव निखाडेला कळलं ते तिसऱ्या फोनला. पहिला फोन त्यानेच कापला होता आणि दुसरा उचललाच नव्हता.

त्या सकाळी तो वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आपल्या घरी गच्चीवर पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलत होता. कोकिळा पवनारला बहिणीकडे जायचं म्हणून दहालाच वर्ध्याच्या एसटी स्टँडकडे निघाली होती. अकराच्या सुमारास मोबाईल वाजला. नंबर अनोळखी.

"आयका साहेब, तुमच्या घरची बाई पडली हाय. लवकर या..."

रूपराव एकदम तापला. महिन्याभरापूर्वी असाच एक फोन आला होता. मुलीचा अपघात झाला, दवाखान्यात भरती करायचंय, मोबाईलवर आलेला आकडा सांगा. रूपराव घाबरून आकडे सांगायला लागला होता, तेवढ्यात कोकिळाने हातातून मोबाईल ओढला म्हणून वाचला. तेव्हापासून तिने ताकीदच देऊन ठेवली होती, "अनोळखी नंबर आला का ठेवून द्याचा. बोलत बसाचं नाई."

तर त्याने फोन ठेवला. नुसता ठेवला असता तर गोष्ट वेगळी होती. ठेवण्याआधी त्याने त्या माणसाच्या आईवरून एक शिवी हासडली. चाळीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढलेली, यंत्रांच्या घरघरीत बोलायची सवय. आजूबाजूच्या तीन घरांना ऐकू गेली असेल अशी शिवी. दहा मिनिटांनी तोच नंबर पुन्हा वाजला. त्याने पाहिलं आणि वाजू दिला. सव्वाबाराला दवाखान्यातून एका बाईचा फोन आला. तिने त्याचं पूर्ण नाव विचारलं, आणि तिच्या त्या विचारण्यावरूनच त्याला सगळं समजलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मुलगी अमरावतीहून आली. पौर्णिमा तिचं नाव. आल्याबरोबर तिने विचारलं, "बाबा, तुमाले कधी कळलं?"

"फोन उशिरा आला," रूपराव म्हणाला.

एवढंच. तीन शब्द. पण त्या तीन शब्दांवर पौर्णिमाने मजलेच्या मजले चढवले. आई अकराला पडली, तर सव्वाबारापर्यंत तो माणूस काय करत होता? वेळेवर कळवलं असतं तर बाबा पोचले असते, मोठ्या दवाखान्यात नेलं असतं. तेरवीच्या दिवशी पंगत बसली असताना ती मावशीला सांगत होती, "रस्त्यावरचा मानूस थो. पहिले पिशवी चाचपली असन त्यानं, मंग फोन केला असन." रूपराव हातात कढीचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन वाढत होता. त्याने ऐकलं आणि पुढच्या पानावर गेला.

त्याच्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. तो माणूस फोनवर बोलत होता तेव्हा कोकिळा शुद्धीवर होती का? जवळ होती का? तिने ती शिवी ऐकली का? नवऱ्याचा शेवटचा आवाज म्हणून तिच्या कानात तेच गेलं का? हे एक कळलं पाहिजे होतं. रात्रंदिवस हेच. हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता.

दवाखान्यातल्या वॉर्डबॉयला एवढंच आठवत होतं, की बाईंसोबत ऑटोत एक दाढीवाला म्हातारा आला होता. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल. "ह्या चर्चमधल्या भाकरवाल्या बाई हायेत" म्हणाला आणि निघून गेला. ज्याच्या मोबाईलवरून फोन आला तो चहावाला म्हणाला, "लोक मागतात, मी देतो. तोंडं कोन पाहत बसते?" रूपरावने स्टँड पालथा घातला, स्टेशन पालथं घातलं. दाढीवाले पुष्कळ सापडले. तो नाही.

डिसेंबरच्या अठरा तारखेला छायाताईंचा फोन आला. छायाताई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. पौर्णिमाच्या बाळंतपणात कोकिळाची त्यांच्याशी ओळख झाली ती कायमची. नाताळात एक आठवडा त्यांच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बेघर लोकांची सोय होते. राहणं, आंघोळीला गरम पाणी, दोन वेळचं जेवण. सहा वर्षं कोकिळा तिथल्या स्वयंपाकघरात जात होती. घरच्या देवाची पूजा आटोपून, डोक्याला रुमाल बांधून जायची आणि संध्याकाळी भाकरीच्या पिठाने पांढरी होऊन यायची. रूपरावने सहा वर्षांत एकदाही तिथे पाऊल टाकलं नव्हतं. "तुले घरचं काम कमी पडते काय?" असं मात्र दरवर्षी विचारलं होतं.

"भाऊ, यादीत कोकिळाताईचं नाव पहिलं हाय," छायाताई म्हणाल्या. "खोडाले हात होत नाई. म्हणून तुम्हाले फोन केला."

"खोडू नका. तिच्या जागी मी येतो."

"तुम्हाले काय येते?"

"काई नाई."

"मंग या," छायाताई म्हणाल्या. "येनारे खूप हायेत. पन त्यायले सारंच येते, हाच वांधा हाय."

आणि तसंच होतं. वीस तारखेला सकाळी रूपराव पोचला तर स्वयंपाकघरात नऊ जण होते आणि नऊही जण सांगणारे. जेवणारे साठ-पासष्ट. तांदूळ किती घ्यायचा यावर अर्धा तास गेला. प्रफुल्ल नावाचे एक बँकेतले साहेब सुटी काढून आले होते. त्यांनी आठवड्याचा तक्ता छापून आणून भिंतीवर चिकटवला होता. त्यात प्रत्येक माणसामागे किती ग्रॅम डाळ ते लिहिलेलं. त्या तक्त्यात सोयाबीनचा पुलाव दोनदा होता. भाजीत लसूण घालायचा की नाही यावर दोन बायकांचं बोलणं बंद झालं, ते मग नाताळापर्यंत बंदच राहिलं. कॉलेजच्या पाच-सहा पोरी आल्या, त्यांनी एप्रन बांधले, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एकेक जुडी हातात धरून फोटो काढले आणि "सर, आमची बस आहे" म्हणून गेल्या. जुड्या तशाच. निवडायला रूपराव.

त्याला बसवलं होतं कांद्यांसमोर. दोन पोती. डोळ्यांना धारा लागल्या की जो तो येऊन पाठीवर हात ठेवायचा. "रडून घ्या काका, मोकळं होते."

"कांदा हाय हा," रूपराव म्हणायचा.

"हाव, हाव. कांदाच हाय."

मोठी भट्टी नीट पेटत नव्हती. प्रफुल्ल साहेबांनी तिचा मोबाईलवर व्हिडिओ काढून कोणाला तरी पाठवला आणि उत्तराची वाट पाहत बसले. रूपरावने उठून बर्नर खोलला, पिनेने छिद्रं साफ केली, पुन्हा बसवला. निळी ज्योत आली. तेवढं एक काम त्याला मनासारखं जमलं. लगेच प्रफुल्ल म्हणाले, "काका, हे काम मेंटेनन्समध्ये येतं. तुमचं नाव कटिंगमध्ये आहे."

"मंग पुन्हा बिघडवू का?" रूपरावने विचारलं.

पहिल्याच दिवशी छायाताईंनी त्याला बाजूला घेऊन एक नियम सांगितला होता. "इथं जेवनाऱ्याले काई विचारायचं नाई. नाव नाई, गाव नाई, जात नाई, घर काऊन सोडलं ते त बिलकुल नाई. त्यायनं आपन होऊन सांगतलं त आयकायचं. हा नियम तुमच्या घरच्यानंच घातला हाय. कोकिळाताई म्हणे, उपाशी मानसाले नाव विचारलं त थो घास गिळाच्या आधी विचार करते का खरं सांगू का खोटं."

रूपरावने मान डोलावली. आणि त्याच दुपारी, वाढायला माणूस कमी पडला म्हणून वरणाची बादली हातात आली तेव्हा, पहिल्या पंगतीपासून विचारत सुटला.

"काऊन जी, दाढीवाला मानूस पाह्यला काय? एका पायात बूट, एका पायात चप्पल?"

"नाई बा."

"मागच्या महिन्यात स्टँडवर एक बाई पडली होती. तिच्याजवळ होता थो."

"नाई बा."

साठ लोकांना विचारलं असेल. सगळे वरणाकडे पाहत "नाई बा" म्हणाले. एकाने तर अर्ध्या जेवणातून उठून हात धुतले. रूपराव वैतागला. एवढी माणसं, सगळी त्याच स्टँडवर आणि स्टेशनवर पडून असतात, आणि एकानेही पाहिला नाही? दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या जेवणाला बारा माणसं कमी आली.

तेवीस तारखेला छायाताईंनी त्याला भांडी घासायच्या मोरीपाशी गाठलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे. त्यामुळे जास्तच लागत असे.

"निखाडे भाऊ, तुमी काय करून राह्यले?"

"काय केलं म्या?"

"बाहेर बोलनं चालू हाय, का मेलेल्या बाईचा नवरा मानूस हुडकून राह्यला. काईतरी चोरी गेलं म्हणते. पोलिसात देनार म्हणते. बारा जन जेवाले आले नाई. आन तुमी ज्याले हुडकता थो बापूजी, थो त परवापासूनच नाई. पहिल्या रात्री ह्याच हॉलमंदी झोपला होता, कोपऱ्यात. तुमी विचारलं आन थो निघून गेला. दोन रात्री झाल्या. बाहेर थंडी काय हाय, समजते न?"

रूपरावच्या हातातला काथ्या तसाच राहिला. "इथं होता?"

"इथंच होता. तुमच्या हातचं वरन घेतलं त्यानं."

"मंग त्यानं सांगाचं नाई काय? मी काय चोर म्हणतलं त्याले? मी फक्त..."

"तुमी फक्त काय?"

रूपरावने समोरचा गंज पालथा केला. एका शिवीसाठी हुडकतो आहे, हे कसं सांगायचं? तो म्हणाला, "म्या काईच चोरी गेलं म्हणलं नाई."

"मेलेल्या मानसाच्या घरचा मानूस हुडकत आला म्हणजे काय समजाचं त्यायनं? आतापर्यंत त्यायले शाबासकी द्याले कोन आलं हाय?" छायाताईंनी त्याच्या हातातला काथ्या घेतला आणि स्वतः गंज घासायला लागल्या. "उद्या चोवीस तारीख. उद्या तुमी आत याचं नाई. मागच्या आंगनात बसाचं. रोडगे करा. येतात न?"

"रोडगे येतात," रूपराव म्हणाला.

रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, हे कोकिळाचंच खूळ. नाताळच्या आदल्या संध्याकाळी केक तर असायचाच, पण तिने पहिल्याच वर्षी हट्ट धरला होता, की सणाच्या दिवशी माणसाला घरच्यासारखं काहीतरी मिळालं पाहिजे. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. आपल्याकडे रोडगे हा गड्यांचा स्वयंपाक. शेतात, मारुतीच्या पारापाशी, माणसं गोवऱ्या पेटवतात आणि बायका त्या दिवशी आयत्या जेवतात. रूपरावने जन्मात पोळी लाटली नव्हती, पण रोडग्यांचा आर, म्हणजे निखारा, त्याच्यासारखा कोणी पाडत नाही असं तो म्हणायचा. त्याचा मेहुणा तसं म्हणायचा नाही, पण मेहुण्याचं कोण ऐकतो.

चोवीस तारखेला दुपारी दोनला तो मागच्या अंगणात बसला. मागे गल्ली, मध्ये तुटकं तारेचं कुंपण. पंधरा किलो जाडसर पीठ, मीठ, ओवा, तेल. दोन बायका आतून लाटून देत होत्या. छोट्या छोट्या पोळ्या, तेल लावून एकावर एक ठेवायच्या, मोठी पोळी वरून गुंडाळायची, मुठीएवढा गोळा वळायचा. प्रफुल्ल साहेब तिथेही आले.

"काका, यात एवढा धूर कशाला? बेकरीवाल्याचा ओव्हन आहे. दोनशे डिग्री, पंचेचाळीस मिनिटं."

"ओव्हनात केलं का त्याले बिस्किट म्हणतात साहेब."

"पण राख लागते ना."

"राख लागाचीच हाय."

प्रफुल्ल साहेबांनी धुराचा एक फोटो काढला आणि गेले. रूपरावने गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. गोवऱ्या कोणीतरी दानात दिलेल्या, आतून ओल्या. धूर असा उठला की आतल्या बायका ओरडल्या. रूपराव फुंकत राहिला, खोकत राहिला, दान देणाऱ्याच्या सात पिढ्यांबद्दल मनात जे यायचं ते येऊ दिलं, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. शिव्यांचं त्याने महिन्याभरापूर्वीच बंद केलं होतं.

"रचलं उलटं," कुंपणापलीकडून कोणीतरी म्हणालं.

एक म्हातारा गल्लीत उभा होता. अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर, हनुवटीपासून दाढी मफलरमध्ये खोचलेली. पाय गवतात.

"काय उलटं?" रूपराव म्हणाला.

"वल्या गोवऱ्या खाली घातल्या. वाळल्या खाली घाला, वल्या वरतं. वाळता वाळता जळते."

"तीस वर्षं झाले मी रोडगे करून राह्यलो."

"दिसून राह्यलं," म्हातारा म्हणाला. "तीस वर्षाचा धूर आजच निंगून राह्यला."

रूपरावने रागाने ढीग मोडला आणि वाळक्या गोवऱ्या खाली घालून पुन्हा रचला. पेटलं. म्हातारा कुंपणाची तार उचलून आत आला आणि आगीपाशी उकिडवा बसला, जणू त्याला बोलावूनच आणलं होतं. हात शेकू लागला. रूपरावला नियम आठवला. नाव विचारायचं नाही. त्याने विचारलं नाही. असाही त्याला आता कोणाला काही विचारायचा कंटाळा आला होता.

ज्वाळा बसायच्या आधीच रूपरावने पहिला रोडगा उचलला.

"थांबा न जी," म्हातारा म्हणाला. "आर पडू द्या. वरतून कोयसा, आतून कच्ची कनिक. कोन खाईन?"

"घाई हाय. सहाले पंगत हाय."

"सहाले पंगत हाय म्हणून आर साडेतीनले पडन काय? त्याच्या टायमानं पडन."

बसून राहण्यावाचून इलाज नव्हता. दोघं बसले. आर पडला, लाल, सपाट. मग दोघांनी मिळून रोडगे मांडले, वरून गरम राख लोटली. म्हातारा काठीने एकेक उलटवत होता आणि त्याचा हात रूपरावपेक्षा चांगला होता, हे रूपरावला दिसत होतं आणि आवडत नव्हतं. पहिला घाणा निघाला. रूपरावने फडक्यात घालून राख झटकली, एक फोडला, म्हाताऱ्यासमोर धरला.

"पाहा. झाला का नाई?"

म्हाताऱ्याने आतला मऊ गाभा काढून खाल्ला आणि वरचं कडक टरफल परत दिलं.

"हे काऊन?"

"दात कुठं हाय? इथं येनारे अर्धे बिनदाताचे हायेत. बाई आमाले आतला गाभा वरनात कुस्करून देत होत्या. टरफल कुत्र्याले."

"कोनती बाई?"

म्हाताऱ्याने काठी आरात घातली. एक रोडगा उलटवला, दुसरा उलटवला.

"तुमी फोन लय लवकर ठेवता," तो म्हणाला.

रूपरावने त्याच्या पायांकडे पाहिलं. राखेने माखलेले, एकात बूट, एकात चप्पल. दोन तास तो समोर बसला होता आणि रूपरावने गोवऱ्यांखेरीज काही पाहिलं नव्हतं.

"पोलीस-बिलीस बलवाचा असन त बलवा," बापूजी म्हणाला. "आता पळनं होत नाई. तीन राती थंडीत काढल्या, गुडघा धरला. बाईची पिशवी म्या दवाखान्यात देल्ली. त्यात काय होतं काय नाई, म्या उघडून नाई पाह्यलं."

"पिशवी भेटली मले. सारं होतं." रूपरावने डोळ्यांतला धूर पुसला. "मले पिशवीचं नाई विचाराचं. मले... फोन केला तवा ती कुठं होती?"

"इथं." बापूजीने स्वतःच्या मांडीवर हात ठेवला. "डोकं इथं होतं."

"शुद्धीवर होती?"

"होती न. नंबर त्यायनंच सांगतला. तोंडपाठ. त्यायचा मोबाईल पडून फुटला होता. मंग म्या चावाल्याचा मांगला. मले त्यातलं समजत नाई, बाईनंच बोटानं बटन दाबलं, आवाज मोठा कराचं. म्हणे मीच बोलतो. पन दम लागला होता, म्हणून म्या बोललो."

आवाज मोठा करायचं बटण. ते तिने स्वतःच दाबलं होतं.

"मंग तिनं आयकलं," रूपराव म्हणाला.

"आयकलं म्हंजे? साऱ्या स्टँडनं आयकलं."

आतून कोणीतरी ओरडलं, कढई कोणी घेतली म्हणून. रूपराव आराकडे पाहत होता.

"काय म्हणे ती?"

बापूजीने काठीने राख सारखी केली. आठवत होता, की काय सांगायचं ते ठरवत होता, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"म्हणे, बरोबर केलं त्यायनं. अनोळखी फोन ठेवून द्याचा म्हणून मीच शिकवलं होतं. मंग म्हणे, पन शिवी काऊन देल्ली?"

"असं म्हणे?"

"असंच. मंग म्हणे, पुन्हा लाव. लावला. तुमी उचलला नाई. मंग ऑटो आला. ऑटोत त्या काई बोलल्या नाई. पानी पाजू काय म्हटलं, त मान हलवली."

"होय म्हणून का नको म्हणून?"

"नको म्हणून."

रूपरावने मनातल्या मनात या उत्तराची हजार वेळा तयारी केली होती. ऐकलं नाही, असं ऐकायला मिळेल. बेशुद्ध होती, असं मिळेल. ऐकून हसली, असंही एकदा त्याने स्वतःला सांगून पाहिलं होतं. पण शिवी का दिली, असा साधा प्रश्न ती विचारून गेली असेल, याची तयारी त्याने केली नव्हती. टाकीचा व्हॉल्व्ह बसत नव्हता म्हणून. हात ओले होते म्हणून. हे काय उत्तर झालं?

"तुमाले शिवी देल्ली म्या," तो बापूजीला म्हणाला. "आईवरून. माफी करा."

"मले रोजच भेटते," बापूजी म्हणाला. "तुमची त्यातल्या त्यात साधी होती. थो रोडगा पाहा, जळून राह्यला."

रोडगा खरंच जळत होता. रूपरावने हातानेच काढला, बोटं भाजली, आणि त्या निमित्ताने डोळ्यांना आलेलं पाणी आता कांद्याच्या नावावर टाकता आलं नाही.

सहाची पंगत सातला बसली. गेलेल्या बारांपैकी नऊ जण परत आले, बापूजी आत बसलेला दिसला तेव्हा. रूपराव स्वतः वाढायला उभा राहिला. रोडगे फोडायचे, टरफल वेगळं, गाभा वरणात कुस्करायचा, वरून तूप. ज्यांना दात होते त्यांनी टरफलंही मागितली. प्रफुल्ल साहेब मागून म्हणत होते, "काका, एका प्लेटला पोर्शन दीडशे ग्रॅम." रूपरावने उलटून पाहिलंही नाही. छायाताईंनी एकदा येऊन विचारलं, "विचारलं नाई न त्याले काई?"

"नाव नाई विचारलं," रूपराव म्हणाला.

वाढता वाढता खिशातला मोबाईल वाजला. पौर्णिमा.

"बाबा, जेवले काय? आन आयका, आज मावशीचा फोन आला होता. ती म्हणते, त्या मानसाचा पत्ता लागला का नाई? सापडला त त्याले सोडू नका. एक तास काय करत होता, विचारा त्याले."

बापूजी तीन हातांवर बसला होता. गाभा कुस्करत होता, मान खाली. रूपरावच्या एका हातात मोबाईल, दुसऱ्यात वरणाचा डाव.

"बाबा? आयकू येते काय?"

"येते."

"सापडला काय?"

आजूबाजूला साठ माणसं जेवत होती. दोन बायका एकमेकींशी न बोलता भाजी वाढत होत्या. आणि पौर्णिमाच्या मागे तिची पोर शाळेच्या नाटकातलं काहीतरी म्हणत होती, मोठ्याने, पुन्हा पुन्हा तेच.

"वाढून राह्यलो मी," रूपराव म्हणाला. "मंग करतो फोन."

"नक्की करजा."

"हाव."

त्याने फोन ठेवला.

सव्वीस तारखेला हॉल रिकामा झाला. घोंगड्या झटकून घड्या घातल्या, आणलेले गंज ज्याचे त्याला परत दिले. प्रफुल्ल साहेबांनी तक्ता काढला तर भिंतीचा रंगही सोबत निघाला, फादर त्या जागेकडे पाहत राहिले. बापूजी सकाळचा चहा घेऊन गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या वर्षी वाळल्या गोवऱ्या आना." छायाताईंनी पुढच्या वर्षाच्या यादीत कोकिळाचं नाव खोडलं नाही. त्याच्याखाली रूपरावचं लिहिलं. रूपरावने भट्टीचे तिन्ही बर्नर खोलून साफ केले, तेल दिलं, गोणपाटात बांधून ठेवले. घरी येऊन गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बसवला, तो महिन्याभरापासून तसाच पडला होता.

पौर्णिमाचे तेव्हापासून चार फोन आले. औषधाबद्दल बोलणं झालं, थंडीबद्दल झालं, तिच्या पोरीच्या नाटकाबद्दल झालं. फोन वेळेवर आला होता आणि तो आपणच ठेवला, हे तिला सांगायचं राहिलं आहे.